ह्यांच्या बीपीची वही

९ जानेवारी, गुरुवार

सकाळी बीपी १४२/९०. संध्याकाळी १३६/८४. गोळ्या चारही दिल्या. चालणं: अंगणात दहा फेऱ्या.

सोलापूरच्या दवाखान्यातल्या सिस्टरनं निघताना सांगितलं, "काकू, एक वही करा. रोज दोनदा बीपी, गोळ्या, चालणं, सगळं लिहायचं. मार्चमध्ये दाखवायला याल तेव्हा आणायचं." मला काय, जन्म गेला रजिस्टरं भरण्यात. परंड्यात अंगणवाडी सेविका म्हणून सव्वीस वर्षं झाली. कुणाच्या पोराचं वजन, कुणाच्या पोराची उंची, हिरवा म्हणजे ठीक, पिवळा म्हणजे कमी वजन, लाल म्हणजे धोका. खाडाखोड चालत नाही, केलीच तर बाजूला सही करायची. आता त्यात नवऱ्याची भर.

मागचं थोडं लिहून ठेवते, डॉक्टरला लागेल. ह्यांनी, म्हणजे बलभीमरावांनी, एकतीस वर्षं एसटी चालवली. रिटायर होऊन दोन वर्षं झाली तरी सकाळी आठला स्टँडवर हजर, ड्युटी असल्यासारखे. २ तारखेला तिथंच कँटीनमध्ये चहा पिता पिता छातीला हात लावला आणि खाली बसले. घामानं शर्ट ओला. बस्स, सगळा स्टँड धावला. कुणाची तरी गाडी, कुणी तरी ड्रायव्हर, दोघं मागं धरून बसले. बार्शीत ईसीजी, तिथून सरळ सोलापूर. सोलापुरात मोठ्या डॉक्टरांनी कागद पुढं केला, मी न वाचताच सही ठोकली. अर्ध्या तासात नळीत स्टेंट बसला. लोक म्हणाले, नशीब बलवत्तर. खरंच आहे.

दवाखान्यात लिफ्ट पेशंटपुरती. मी अंथरूण-पांघरूण, पाण्याची कळशी घेऊन तिसऱ्या मजल्यावर चालले तर दुसऱ्याच मजल्यावर बसावं लागलं. डावी खालची दाढ ठणकली, पाठीत खांद्यांच्या दोन फऱ्यांच्या मधी भरून आलं. पाच मिनिटं बसले, गेलं. दोन दिवस डोळ्याला डोळा लागला नव्हता, दुसरं काय होणार.

१५ जानेवारी, बुधवार

सकाळी १३८/८६. संध्याकाळी १४०/८८ (पाहुणे गेल्यावर). गोळ्या दिल्या.

काल संक्रांत. आजाऱ्याला बघायला येणारी माणसं घरातल्या बाईला आजारी पाडतात. काल बावीस कप चहा केला, मोजून. त्यात ह्यांचं जेवण अळणी, तेल चमचाभर, आणि पाहुण्यांना अळणी वाढून चालतंय होय? म्हणजे दोन चुली. वर भूमची मावससासू चार दिवस राहायला आली, "बलभीमला बघितल्याबगर माझा जीव ऱ्हाईना." घरचं झालं थोडं अन् व्याह्यानं धाडलं घोडं.

प्रत्येकाला ह्यांनी तीच गोष्ट पहिल्यापासून सांगायची. चहा, छाती, घाम, गाडी, बार्शी, सोलापूर. मला पाठ झाली. मनगटावरचं सुईचं भोक दाखवायचं. बाया पदर तोंडाला लावून ऐकतात आणि मग माझ्याकडं वळून म्हणतात, "कमल, जप गं बाई ह्यांला." जपते, आणखी काय करते.

पाण्याची बादली उचलताना परत पाठ. ठेवून दिली, बसले, गेली.

२१ जानेवारी, मंगळवार

१३२/८४. १३०/८२. चालणं: किल्ल्यापर्यंत जाऊन येऊन चाळीस मिनिटं. शाब्बास.

डॉक्टरांनी सांगितलंय, चालायचं पण एकटं नाही, कुणी तरी सोबत पाहिजे. कुणी तरी म्हणजे मी. हे टोपी घालून पुढं, मी पिशवी घेऊन मागं. किल्ल्याच्या खंदकाजवळ जरा चढ आहे. चढ कसला, पोरं सायकली मारतात. तिथं माझा श्वास पुरेना. दाढेपासून कानापर्यंत कुणी चिमटा धरल्यासारखं. मी दगडावर टेकले. हे वीस पावलं पुढं जाऊन वळले आणि कमरेवर हात ठेवून म्हणाले, "चल की लवकर! आजारी मी हाय का तू?"

हे पेशंट का मी पेशंट, असं वाटून मलाच हसू आलं. पण रागही आला, खोटं कशाला लिहू. एकतीस वर्षं हा माणूस डबा हातात घेऊन निघून गेला आणि रिकामा डबा हातात घेऊन आला. आता दिवसभर घरात, आणि दिवसभर "कमल". कमल पाणी. कमल गोळी. कमल पंखा. कमल मेली तर पाणी कुठं असतं ते तरी माहीत आहे का?

हे पान डॉक्टरला दाखवायचं नाही. जायच्या आधी बीपीचे आकडे वेगळ्या कागदावर उतरवून काढीन.

२८ जानेवारी, मंगळवार

१३०/८०. १२८/८२. चालले.

आज अंगणवाडीत पोरांची वजनं. सव्वीस पोरं उचलून काट्यावर ठेवायची आणि उतरवायची. अकराव्या पोराला मला दरदरून घाम. जानेवारीचा महिना, पोरांच्या अंगात स्वेटर, आणि माझा ब्लाऊज पाठीला चिकटलेला. मी तांदळाच्या पोत्यावर बसले. अजीजाबी आमची मदतनीस, एकोणीस वर्षं एका खोलीत काढली आम्ही. तिनं पोर माझ्या हातातनं घेतलं आणि माझ्या तोंडाकडं बघत राहिली.

"बाई, तुमचं तोंड राखेवानी झालंय. या अल्ला, घाम तर बघा!"

"पन्नाशी उलटली की येतो घाम. तुला नव्हता आला?"

"मला आला, पन मी पोत्यावर न्हाय बसले कधी. बलभीमभाईला आल्ता तसा हाय ह्यो. दाखवून या."

"त्यांच्या छातीत दुखत होतं. माझ्या छातीत काय दुखतं? दाढ दुखती."

अजीजाबी म्हणाली, "दाढंला घाम येतो व्हय बाई?" मी म्हटलं, काटा वाच, वजन सांग. उरलेली पंधरा पोरं तिनं उचलली, मी नुसतं लिहिलं. लाल रंगात दोन, पिवळ्यात पाच. स्वतःला कुठल्या रंगात टाकावं, मनात आलं.

३१ जानेवारी, शुक्रवार

१२८/८०. संध्याकाळचं बीपी घ्यायचं राहिलं. माझ्यामुळं.

अजीजाबीनं पिच्छा सोडला नाही म्हणून गावातल्या सरकारी दवाखान्यात आमच्या नेहमीच्या डॉक्टरांकडं गेले. ह्यांना सोबत नेलं, त्यांचं बीपी बघायच्या निमित्तानं. डॉक्टरांनी ह्यांची फाईल वीस मिनिटं वाचली. मग मी सांगितलं, पाठ भरती, घाम येतो, दम लागतो. ते हसले. "वहिनी, घरात एवढं मोठं आजारपण झालं. तुम्ही टेन्शन घेताय. वय पण तसलंच. गॅस धरतोय." पांढरं औषध दिलं, जेवणाआधी दोन चमचे. मी म्हटलं, ती पट्टी तरी काढू का, ईसीजीची? तर म्हणाले, मनाच्या समाधानासाठी काढा.

ईसीजी काढणारं माणूस म्हणजे रणधीरभाऊजी. ह्यांचे सख्खे चुलतभाऊ. माझ्या लग्नात ह्यांच्या मागं तलवार धरून उभे होते. आजवर मी त्यांच्यासमोर डोक्यावरचा पदर पडू दिलेला नाही. मी आत गेले, ते मशीनजवळ, दोघंही जागच्या जागी. त्यांनी वायरींचा गुंता माझ्याकडं न बघता पुढं केला. म्हणाले, "वहिनी, म्हंजे... ब्लाऊजच्या वरच्या अंगाला, हितं-हितं लावा. तुमीच लावा. म्या तिकडं बघतो." आणि भिंतीकडं तोंड करून उभे राहिले. भिंतीवर लसीकरणाचं पोस्टर होतं, ते वाचत होते बिचारे.

मी पदराच्या आतनं, ब्लाऊज न काढता, गळ्याच्या खाली जिथं हात पोचला तिथं सहा टिकल्या लावल्या. "झालं का?" "झालं." मशीन किरकिरली, कागद आला, तेवढ्यात माझं मीच काढून ठेवलं. फार सज्जन माणूस. एकदा मान वर केली नाही.

डॉक्टरांनी कागद लांबनंच बघितला. नॉर्मल.

बाहेर आल्यावर हे म्हणाले, "बघ. म्या म्हणलं न्हवतं? गॅस हाय." खरं सांगायचं तर मलाही हायसं वाटलं, आणि लाजही वाटली. उगीच सगळ्यांना कामाला लावलं. सोंग केल्यासारखं झालं.

९ फेब्रुवारी, रविवार

१२६/८०. १२४/७८. रंग सुधारला ह्यांचा. गालावर मांस आलं.

युवराजनं पुण्याहून पप्पांसाठी घड्याळ पाठवलं. मनगटात घातलं की छातीचे ठोके सांगतं. फोनवर अर्धा तास पप्पांशी बोलला, शेवटी मला म्हणाला, "आई, तू बरी आहेस ना? ठेवू?" मी म्हटलं ठेव.

हे आंघोळीला गेले तेव्हा घड्याळ माझ्या हातात अडकवून गेले, ओलं होईल म्हणून. मी वरच्या माळ्यावरून हरभऱ्याच्या डाळीचा डबा काढला आणि ते मेलं टुणटुण वाजायला लागलं. लाल अक्षरात १३८. बिघडलं वाटतं. ह्यांनी घातल्यावर परत ७२ दाखवायला लागलं. युवराजला सांगितलं, घड्याळ मधनंच बिघडतंय, दुकानदाराला विचार.

पांढरं औषध दुसरी बाटली. दुखणं येतं तेव्हा औषध प्यायला बसते आणि बसलं की थांबतं. म्हणजे लागू पडतंय असंच म्हणायचं.

१६ फेब्रुवारी, रविवार

१२६/७८. १२८/८०.

काल दाढ दाखवायला गेले. म्हटलं एकदाची उपटूनच टाकावी. दातांच्या डॉक्टरांनी आरसा घालून बघितलं, ठोकून बघितलं. "दाढ ठणठणीत आहे तुमची. हे दुखणं दाताचं नाही." मग कशाचं, ते काही त्यांना सांगता आलं नाही. मीही लावून धरलं नाही. नॉर्मल कागद घरात आहे, आता किती दवाखाने हिंडायचे? गाव म्हणेल, नवऱ्याचे लाड झाले ते बघून हिलाही दुखणं आठवलं.

आज भाकरी थापताना पाठ भरली आणि आई डोळ्यांपुढं आली. माझं माहेर तामलवाडी. आई, हरणाबाई, तिलाही इथंच भरून यायचं. मी युवराजच्या बाळंतपणाला गेले होते, तो सव्वा महिन्याचा. आई चुलीपुढं बसली होती, म्हणाली, "कमे, पाठीत उसण भरली गं, जरा शेक." मी वीट गरम करून फडक्यात बांधून शेकली, वरनं लाटणं फिरवलं. "बरं वाटलं बघ," म्हणाली. उरलेल्या भाकरी केल्या, सगळ्यांना वाढलं, आणि आडवी झाली ती उठलीच नाही. चौपन्न वर्षांची होती. उसण काळजापर्यंत गेली, असं लोक म्हणाले. पुण्यवान होती, हातपाय चालते असताना गेली, असंही म्हणाले. मला मेलीला तेव्हा रागच आला होता सगळ्यांचा. चौपन्न म्हणजे काय वय आहे? पुढच्या वर्षी मी तेवढी होईन.

मी वीट शेकून घेतली. अजीजाबीला सांगितलं नाही.

२४ फेब्रुवारी, सोमवार

१२४/८०. १२४/७८.

लिहायला बळ नाही. केस विंचरायला हात वर केला तर दम लागला. कपडे ह्यांनीच वाळत घातले, उलटे.

२ मार्च, रविवार

१२२/७८. गोळ्या दिल्या.

दुपारी जेवण झाल्यावर जरा लवंडले होते. काही उचललं नाही, चालले नाही, नुसती पडून होते, तरी आलं. दाढ, पाठ, डावा दंड, आणि मळमळ. ह्यावेळी पाच मिनिटांत गेलं नाही. घड्याळाकडं बघत राहिले, वीस मिनिटं. हे शेजारच्या खोलीत टीव्हीवर क्रिकेट बघत होते. हाक मारावी वाटलं, पण काय म्हणून मारू? गॅस झाला म्हणून? सामना संपल्यावर आले आणि म्हणाले, "चहा टाकतीस का?"

टाकला.

परवा सोलापूर. बीपीचे सगळे आकडे चांगल्या कागदावर रेघा मारून उतरवले. दोन तास गेले. लाल पेन, निळं पेन. बघून डॉक्टर खूश होतील.

४ मार्च, मंगळवार. सोलापूर

हे दवाखान्याच्या खाटेवर बसून लिहिते आहे, आणि खाट माझी आहे. काय सांगावं.

सकाळच्या गाडीनं निघालो. दवाखान्यात नंबर आला. ह्यांना तपासणाऱ्या नव्या डॉक्टरीणबाई होत्या, मदिहा त्यांचं नाव, आमच्या धाराशिवच्याच. पोरसवदा, पण नजर करडी. म्हणाल्या, "काकू, वही?" मी पिशवी उलटी-पालटी केली. रेघा मारलेला कागद घरी, टीव्हीवर. सव्वीस वर्षांत कुठलं रजिस्टर विसरले नाही मी. नाइलाजानं ही वही दिली. म्हटलं, "वरचे आकडे तेवढे बघा, खालचं बघू नका, ते आपलं असंच."

त्यांनी खालचंच बघितलं. पानं उलटत गेल्या. धरणी पोटात घेईल तर बरं, असं मला झालेलं.

"हा घाम कुणाला आला?"

"मला."

"दाढ कुणाची?"

"माझी. पण दाढ चांगली आहे."

"खंदकाजवळ कोण बसलं?"

हे मध्ये पडले. "डॉक्टर, तिला गॅसचा तरास हाय. ईसीजी काढलाय. नॉर्मल हाय." आणि ह्यांनी पाकिटातनं तो कागद काढला. मला माहीतसुद्धा नव्हतं की हे तो जवळ बाळगतात.

मदिहाबाईंनी कागद धरला. "काकू, हा काढताना ब्लाऊज काढला होता का?" मी सगळं सांगितलं, भाऊजी, भिंत, पोस्टर. त्या हसल्या नाहीत. म्हणाल्या, "ह्या कागदावरून काहीच सांगता येत नाही. पट्ट्या चुकीच्या जागी आहेत. आणि बरोबर काढला असता, तरी दुखणं थांबलेलं असताना नॉर्मल येऊ शकतो."

पडदा ओढला, एक सिस्टर आली, ब्लाऊज काढायला लावला, बोटांनी बरगड्या मोजून टिकल्या लावल्या. रक्त घेतलं. छातीवरनं गार यंत्र फिरवलं. विचारलं, माहेरी कुणाला हृदयाचा त्रास? म्हटलं, नाही. आई? म्हटलं, आई उसण भरून गेली, चौपन्नाव्या वर्षी. त्यांचं पेन थांबलं. मग इंग्रजीत बरंच काही लिहिलं.

मोठे डॉक्टर आले. उभ्या उभ्या म्हणाले, "नवऱ्याचं आजारपण, वय, ताण. गोळ्या द्या, पुढच्या महिन्यात फिरत्या पट्ट्यावर पळवून बघू." तशी ही पोरगी वही घेऊन त्यांच्यापुढं उभी राहिली. "सर, दोनच मिनिटं." आणि मोठ्यानं वाचायला लागली. जिना चढताना, बसल्यावर थांबलं. बादली उचलताना, बसल्यावर थांबलं. चढावर. पोरं उचलताना. माळ्यावरचा डबा. केस विंचरताना. परवा झोपल्या जागी, वीस मिनिटं. "सर, दोन महिने दुखणं वाढत चाललंय, तारखेसकट लिहिलंय. रक्तातला आकडाही थोडा वर आहे. हे पुरुषानं सांगितलं असतं तर आपण थांबलो असतो का?"

मोठे डॉक्टर खुर्ची ओढून बसले. वही मागून घेतली.

पण मला त्यांचं तोंड आठवत नाही. मला ह्यांचं आठवतंय. "चल की लवकर, आजारी मी हाय का तू" हे त्या बाईंनी वाचलं तसे हे टोपी काढून हातात फिरवायला लागले.

आजच दाखल व्हा म्हणाले, उद्या सकाळी मनगटातनं नळी घालून बघू. मी म्हटलं, आज कसं? उद्या माता बैठक आहे. मार्चअखेर आहे. ह्यांचं अळणी कोण करणार? महिना संपला की येते. मी खरोखरच उठले होते, पिशवी खांद्याला लावली होती.

ह्यांनी टेबलावरचा कागद स्वतःकडं ओढला. "सही कुठं करायची?"

"अहो, वाचा तरी!"

"तू वाचलं हुतंस का माझ्या टायमाला?" म्हणाले, आणि सही केली. मग माझ्या खांद्यावरची पिशवी काढून स्वतःच्या खांद्याला लावली. लग्नाला बत्तीस वर्षं झाली, माझी पिशवी ह्यांनी पहिल्यांदा उचलली. मला रडू आलं, आणि फार दमल्यासारखं झालं. आता पडते.

५ मार्च

(हे अक्षर कमलचे नाही. मी बलभीम.)

स. ६.०० बी.पी. १४८/९२. घाम नाही.
स. ९.४० आत नेली.
स. ११.२५ बाहेर. मोठी नळी सुरवातीलाच बंद होत आली होती. ९० टक्के म्हणाले. एक स्टेंट. डॉक्टर म्हणाले आणखी आठ दिवस काढले नसते.
दु. १.०० बी.पी. ११६/७०. दाढ विचारली. नाही म्हणाली.
दु. ३.०० ११८/७२. दाढ नाही. पाठ नाही.
दु. ५.०० १२०/७४. दाढ विचारली तर चिडली.

७ मार्च, शुक्रवार

ह्यांनी वरती लिहिलंय ते आत्ता बघितलं. एसटीचं लॉगशीट भरल्यासारखं. आत नेली म्हणे, मी काय गाडी आहे डेपोत न्यायला?

मदिहाबाई येऊन गेल्या. म्हणाल्या, "काकू, तुमच्या नळ्या मुळातच बारीक. बायकांच्या असतात तशा." मी विचारलं, त्या दिवशी आईचं सांगितलं तेव्हा तुम्ही एवढं काय लिहिलं? त्या खाटेच्या कडेला बसल्या. एकच प्रश्न विचारला. "तुमच्या आईला उसण भरायची ती काम करताना का बसल्यावर?"

त्या गेल्या. मी दिवसभर भिंतीकडं तोंड करून पडले.

१५ मार्च, शनिवार. परंडा

ह्यांचं १२६/८०. माझं ११८/७६. दोघांच्या मिळून अकरा गोळ्या. ह्यांनी दोन डब्या केल्यात, निळी त्यांची, लाल माझी.

आता एकच चूल, दोघांनाही अळणी. भात ह्यांनी लावला, करपवला. अंगणवाडी अजीजाबी सांभाळते आहे. काल येऊन म्हणाली, "दाढंला घाम येतो का, इच्यारलं हुतं का न्हाय म्या?" आणि माझ्या गळ्यात पडून रडली. मग डोळे पुसून म्हणाली, माता बैठकीत पंधरा बायांपुढं तिनंच सांगितलं की ईसीजीला गेलात तर आधी बाई मागा आणि ब्लाऊज काढा. एकीला हसू आलं तर तिला बैठकीतनं उठवली म्हणे.

संध्याकाळी रणधीरभाऊजी आले. शहाळी घेऊन, मान खाली घालून. मग म्हणाले, "वहिनी, गलती झाली माझ्याकडनं. तुमी मेला असता तर म्या कुठं तोंड दाखवलं असतं?"

मला राग होता, लपवत नाही. आठ दिवस मनात त्यांना शिव्या दिल्या. पण पदराच्या आतनं टिकल्या लावणारे हात माझेच होते. म्हटलं, "दोघांचीही झाली, भाऊजी. आता तुम्ही साहेबांना अर्ज द्या, ईसीजीला एक बाई पाहिजे म्हणून. मी लिहून देते, तुम्ही सही करा." त्यांनी सही केली. अर्ज चांगला झालाय.

ते गेल्यावर सृष्टीला फोन लावला. माझी धाकटी, लातूरला दिलेली, सव्वीस वर्षांची. तिनं विचारलं, "आई, बरी आहेस ना?" मी म्हटलं, माझं सोड. तुला एक सांगायचंय ते लिहून घे. तुझी आज्जी उसणीनं गेली नव्हती. ती म्हणाली, "आई, तू शेकलं होतंस ना गं तिला?" मी म्हटलं, हो, वीट गरम करून. आणि मग बराच वेळ फोन कुणीच ठेवला नाही.

आत्ता मागं जाऊन १६ फेब्रुवारीचं पान काढलं. लाल पेननं "उसण" ह्या शब्दावर जिथं जिथं आहे तिथं आडवी रेघ मारली, वर "हृदयविकार" लिहिलं. खाडाखोड झाली म्हणून बाजूला सही केली. कमल. आणि आजची तारीख.